पोट्टे निजवायचा धंदा

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितं. कोणी पूल बांधलेले असतात, कोणी भट्टीपाशी उभं राहून लोखंड वितळवलेलं असतं. यंदा संपादकबाई घरी आल्या नि म्हणाल्या, "कुंदामावशी, तुम्ही लिहा." मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर लोकांचे पोट्टे निजवले. त्यावर लिहिलं तं वाचणारेही निजतील." त्या म्हणाल्या, "निजू द्या, फराळ झाल्यावर निजतातच." तर घ्या. झोप आली तर माझ्या हाताचा गुण समजा.

रायपुरात तात्यापाऱ्यात मागच्या गल्लीला आमच्या दोन खोल्या आणि समोर परछी, म्हणजे आपली पडवी. आमचे हे रेल्वेत. राज्य नवं झालं आणि रायपूर एकाएकी राजधानी झालं. भोपाळहून ऑफिसं आली, फायली आल्या, टेबलखुर्च्या आल्या, आणि त्यांच्यामागून नवरा-बायको दोघंही नोकरीवाले असे संसार आले. जवळ ना सासू, ना आई. पोट्टं ठेवायचं कुठे? पहिलं पोट्टं माझ्याकडे शेजारधर्म म्हणून आलं. दुसरं पहिल्याला पाहून आलं. पुढे परछीत झोळ्यांची रांग लागली. इकडे त्याला झूलाघर म्हणतात. त्या दिवसांत शहरात ज्याच्या त्याच्या पाटीवर राजधानी लिहिलेलं. राजधानी टेलर्स, राजधानी चाट, राजधानी पंक्चर. आमचे हे म्हणाले, "आपणही राजधानी झूलाघर लिहू." मी म्हटलं, "नको बाप्पा. राजधानीत दिवसाढवळ्या झोपायचा हक्क ऑफिसवाल्यांचा. त्यांना राग यायचा." पाटी शेवटपर्यंत लागलीच नाही.

लोकांना वाटतं, पोट्टं निजवणं म्हणजे थोपटणं. नुसत्या थोपटण्यानं पोट्टे झोपले असते, तर ढोलकीवाल्याच्या घरी कोणी जागं राहिलं नसतं. खरं काम थोपटायच्या आधीचं असतं. पोट्टं एका जागी नजर लावून बसलं, हातातलं खेळणं सोडून दिलं, कान ओढायला लागलं, की ती वेळ. डोळे चोळून रडायला लागलं म्हणजे तुम्ही उशीर केला, आता भोगा. मग रोज तोच क्रम. हात-तोंड पुसायचं, दूध पाजायचं, पडदा ओढायचा, झोळीत घालायचं. झोळी जुन्या सुती लुगड्याची, धुऊन धुऊन मऊ झालेली. आणि डोळा अर्धा उघडा असतानाच झोळीत ठेवायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण इथेच झोपतो. खांद्यावर पुरतं निजवून मग हळूच खाली ठेवायला गेलात, तर पाठ टेकताच ते डोळे उघडतं आणि तुमच्याकडे असं पाहतं, की चोरी आपणच केली.

शेवटी आवाज. काहीही म्हणा, पण रोज तेच म्हणा. मला गाता येत नाही. मी गायला लागले की आमचे हे ड्यूटी नसतानाही स्टेशनवर जाऊन बसायचे. म्हणून मी माहेरच्या वाटेवरची स्टेशनं म्हणायची. रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगढ, दरेकसा, सालेकसा, आमगाव, गोंदिया. बहुतेक पोट्टे डोंगरगढच्या आत घोरायचे. गोंदियापर्यंत जागं राहिलं तर त्याच्या पोटात दुखत असणार, हे मी समजून घ्यायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक साहेबीणबाई होत्या. त्यांचं म्हणणं, बाळ बरोबर एकच्या ठोक्याला झोपलं पाहिजे. बाळाला साडेबारालाच पेंग यायची. मी बाळाशी भांडले नाही, बाईंशीही भांडले नाही. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. बाई दुपारी येऊन पाहायच्या, एकला बाळ झोपलेलं, खूश होऊन जायच्या. फक्त आमचे हे तेच घड्याळ पाहून ड्यूटीवर जायचे. महिनाभर लवकर पोचले. त्यांच्या साहेबानं सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी येऊन म्हणाले, "कुंदा, माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही!" मी हो म्हटलं.

दुसरा पंडरीतल्या कापडवाल्या सेठचा नातू. माझ्याकडे सगळे झोपले, परछी शांत झाली, की हा भोकाड पसरायचा. दिवसभर दुकानात गादीवर वाढलेलं पोट्टं, त्याला कापडाचं थान, म्हणजे तागा, फाडल्याचा टर्रकन आवाज ऐकल्याशिवाय झोप येईना. मी आधी आमच्या जुन्या चादरी फाडल्या. त्या संपल्या तेव्हा सेठ म्हणाले, "मौसी, आप चिंता मत करो," आणि गठ्ठाभर चिंध्या पाठवून दिल्या. माझ्या हाताशी काम करणारी फुलबाई रोज दुपारी त्याच्याजवळ बसून चिंध्या फाडायची आणि मग हळूच येऊन सांगायची, "लइका सुत गे, दीदी," म्हणजे पोट्टं झोपलं. त्या चिंध्यांच्या गोधड्या अजून घरात आहेत.

या धंद्यात एकच वाईट आहे. तुम्ही चांगलं काम केलं तर ते कोणाला आठवत नाही, कारण तेव्हा तो झोपलेला असतो. परवा बँकेत काउंटरवर एक जवान पोट्टा दिसला. नाक तेच, कान तेच, माझ्या झोळीत दोन वर्षं झोपलेला. मी कौतुकानं पुढे होऊन म्हटलं, "काहून रे, ओळखलं काय?" तो म्हणाला, "आंटी, लाइन में आइए." मी लाइनीत गेले. वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू? पण त्याचे डोळे चांगले ताजेतवाने होते, रात्री झोपत असणार.

आता गोलूची गोष्ट सांगते. सगळ्यात जास्त घाम मला त्यानं फोडला. त्यानं म्हणजे त्याच्या आजीनं.

चौबे कॉलोनीतलं घर. मूळचे आपल्याच भंडाऱ्याकडचे. सून मीनल, मंत्रालयात क्लार्क. परीक्षा देऊन, स्वतःच्या हिमतीवर लागलेली नोकरी. तिचा नवरा राजेश, औषधांच्या कंपनीत फिरतीवर. सासरे रिटायर होऊन टीव्हीसमोर बसलेले. आणि सासू, त्यांना मी काकू म्हणायची. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. मीनलनं रजेला रजा जोडून गोलूला सात-आठ महिन्यांचा केला होता. आता रजा संपत आली होती, आणि दिवसभर पोट्टं सांभाळणार नाही हे काकूंनी आधीच सांगितलेलं. कामावर जायच्या आधीच पोट्ट्याला सवय व्हावी म्हणून ती त्याला दिवसा माझ्याकडे आणून सोडायची.

गोलू माझ्याकडे थोड्याच दिवसांत शहाण्यासारखा झोपायला लागला. घरी मात्र अर्ध्या रात्रीपर्यंत टक्क जागा. मीनल सकाळी यायची तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं काळं. एक दिवस दारातच रडायला लागली.

"मावशी, आईंनी सांगून टाकलं. पोळ्यापर्यंत पाहू म्हणतात. तोपर्यंत पोट्ट्याची झोप रांगेला लागली तर जा नोकरीला, नाही तर राजीनामा दे."

"आणि राजेशभैया काय म्हणतात?"

"ते म्हणतात, मम्मी से बात करता हूँ. मग मम्मीसमोर गेले की भाजी छान झाली म्हणतात."

तेव्हा आखाड लागला होता. पोळा काही लांब नव्हता.

त्यात काकूंनी आणखी एक पिल्लू सोडलं. पोट्टं दिवसा झोपते अन् रात्री जागते, म्हणजे ही झूलाघरवाली त्याला अफू चाटवत असेल! गल्लीत कुजबुज सुरू झाली. दोन आया पोट्ट्यांना घ्यायला आल्या की आधी त्यांचं तोंड हुंगायला लागल्या. माझं डोकं सणकलं. फुलबाई म्हणाली, "दीदी, भांडू चला." मी म्हटलं, "भांडून पोट्टे उठतील." मी सरळ काकूंना निरोप धाडला, एक दिवस येऊन बसा, डोळ्यांनी पाहा.

काकू आल्या. डबा घेऊन, चष्मा घेऊन, पोलिसांसारख्या. परछीच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या. पहिलं वाक्य, "कुंदे, त्या वाटीत काय आहे?"

"दूध हाय, काकू. चाटून पाहा."

त्यांनी खरंच चाटून पाहिलं. मग पाण्याचा ग्लास हुंगला. दुपार झाली, मी पडदे ओढले, पोट्टे झोळ्यांत घातले आणि स्टेशनं म्हणायला सुरुवात केली. रायपूर, भिलाई, दुर्ग. काकू डोळे फाडून माझ्या हातांकडे पाहत होत्या. राजनांदगावला त्यांची मान एका बाजूला गेली. डोंगरगढला त्या अशा घोरायला लागल्या, की सेठचा नातू चिंध्या न फाडताच झोपला.

चहाच्या वेळेला उठल्या तेव्हा मी कप पुढे केला. म्हटलं, "काकू, तुम्हाला मी काय चाटवलं?"

फुलबाई तोंडात पदर कोंबून आत पळाली. काकूंनी चहा घेतला, पूर्ण संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लय दिवसांनी दुपारची झोप लागली माय." मग लगेच आवाज चढवला. "पण मंग हा पोट्टा माह्या घरी काहून झोपत नाही? तू ये पाहायले. माह्या घरात काय खोट हाय ते सांग मले."

मी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेले. मीनलच्या खांद्यावर गोलू पेंगत होता. नजर एका जागी, कान ओढून राहिला, सगळं बरोबर. आता झोळीत ठेवला की काम फत्ते. तेवढ्यात काकू देवापाशी दिवा लावून बाहेर आल्या आणि ओरडल्या, "उठव उठव! तिन्हीसांजेले निजते काय कोणी? लक्ष्मी दारातून परत जाते!" पाण्याचा हात त्याच्या डोळ्यांवरून फिरवला, गदगदा हलवला, दिव्यापाशी नेऊन टाळ्या वाजवल्या. गोलू आधी रडला. मग दिवा पाहून हसला. मग त्याला असा जोर चढला की विचारू नका. आजोबांनी टीव्ही मोठा केला. राजेशभैया आले, त्यांनी त्याला वर उडवून झेललं. पोट्टं किंचाळून हसत होतं आणि मीनल भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपत होती.

कळलं मला. पोट्ट्याची झोपेची वेळ आणि दिवेलागण एकाच वेळी येत होती, आणि रोज लक्ष्मीसाठी त्याला उठवत होते. एकदा ती वेळ गेली की पोट्टं मग सहजासहजी हाती लागत नाही.

मीनलनं मला फाटकाशी गाठलं. "मावशी, मला माहीत आहे हो. पण मी आईंना कसं म्हणू, दिव्याच्या वेळेला झोपू द्या?"

"तू काही म्हणू नको," मी म्हटलं. "मीही नाही म्हणणार."

आपल्या घरांत दिव्याशी भांडून कोणी जिंकलंय का? आणि खरं सांगू, मला स्वतःलाही तिन्हीसांजेला आडवं होववत नाही. तेव्हा दिवा जागेवर राहू द्यायचा आणि झोप सरकवायची, असं मी ठरवलं. गोलूला घरी न्यायच्या आधी, उन्हं उतरायच्या सुमाराला, मी त्याला माझ्याकडेच एक छोटी डुलकी काढू द्यायला लागले. म्हणजे दिवेलागणीला तो टवटवीत आणि त्यानंतर तासाभरात पेंगुळलेला. मीनलला सांगितलं, सकाळी कितीही गाढ झोपला असला तरी ऊन आलं की उठव.

हे झालं पोट्ट्याचं. आजीचं काम बाकी होतं. मी काकूंना एकीकडे घेतलं आणि चेहरा जमेल तेवढा गंभीर केला.

"काकू, तुमचा नातू वेगळाच हाय. त्याला दिव्याची ओढ हाय. दिवा पाहिल्याशिवाय त्याची रात्र सुरू होत नाही."

"मी म्हटलंच होतं!" काकू मीनलकडे पाहून म्हणाल्या.

"पण एक हाय. दिवा दाखवला त्याच हातानं झोळीत घातलं पाहिजे. माझा हात चालत नाही, मीनलचा तं नाहीच नाही. आणि झोळी तुमच्याच जुन्या लुगड्याची पाहिजे. घरात आवाज नको. तोंडानं काहीही म्हणा, फक्त रोज तेच."

यातलं लुगडं, आवाज आणि रोज तेच, एवढं खरं. हाताचं मी मनचं घातलं. पण काकूंनी ते असं उचललं, की त्या दिवसापासून चौबे कॉलोनीच्या त्या घरात कर्फ्यू लागला. दिवा झाला की काकू सगळ्यांकडे बोट रोखून म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आजोबा क्रिकेटची मॅच बिनआवाजाची पाहायला लागले. कोण आउट झालं हे त्यांना पंचाच्या बोटावरून ओळखावं लागायचं. राजेशभैयांनी एकदा जेवताना पापड मोडला, तर काकूंनी त्यांचं ताट उचलून अंगणात ठेवलं. "मम्मी, मैं तो बस पापड..." "भायेर बसून खाय!" रायपूरच्या पावसात तो बिचारा छत्री धरून जेवला. हे सगळं मीनल मला सकाळी येऊन सांगायची आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"आणि झोळीपाशी काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"पाढे! बे एके बे, बे दुणे चार. सुरात म्हणतात मावशी, एकदम शाळेसारखं."

सुरुवातीला गोलू पाढ्यांना दाद देईना. दोनदा तर मीनल रडवेली होऊन आली, म्हणाली आता नाही व्हायचं. मीही आतून हादरले होते, कारण पोट्टं निजलं नाही तर एका चांगल्या पोरीची नोकरी जाणार होती आणि मला त्यात फक्त डुलकी पुढे-मागे करता येत होती. मी तिला रोज तेच सांगत राहिले, क्रम मोडू नको, झोप रुसली तरी परत येते. श्रावण संपता संपता एक दिवस तिनं सांगितलं, सातचा पाढा पुरा व्हायच्या आत गोलू झोपला आणि सकाळपर्यंत फक्त एकदा दुधाला उठला. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच.

पोळा आला, घरोघरी ठेठरी-खुरमी तळली गेली, मातीचे बैल पोट्ट्यांच्या हातात आले. काकू जा म्हणाल्या नाहीत, राजीनामा दे म्हणाल्या नाहीत. मीनलला विचारायची हिंमत होईना. कामावर हजर व्हायचा दिवस उजाडला.

त्या सकाळी सायकलरिक्षातून मीनल, गोलू आणि काकू, तिघंही माझ्या दारात उतरली. मीनल इस्त्रीच्या साडीत, पर्स हातात, आणि चेहरा असा की आता कोणी हूं म्हटलं तरी परत घरी जाईल. काकूंनी गोलूला माझ्याकडे दिलं. मग सुनेकडे न पाहता, माझ्याकडे पाहून बोलायला लागल्या.

"मी मास्तरीण होतो, कुंदे. तुले सांगितलं नाही कधी. दुसरीचा वर्ग होता माह्याकडे. हा राजेश असाच रात्र रात्र जागवे. सासू म्हणे, लेकरू पाह्य नाही तं शाळा पाह्य. मी म्हटलं, लेकरू झोपायले लागलं की जाईन परत." त्यांनी चष्मा काढला. "लेकरू झोपायले लागलं. पण तोवर माह्या खुर्चीवर दुसरी बसली होती. अन् मले जाय म्हणणारं कोणी नव्हतं."

मीनलच्या हातातली पर्स खाली पडली. फुलबाई आतून येऊन दारात उभी राहिली.

"मंग माह्या मनात काय होतं काय माहीत," काकू म्हणाल्या. "हिले अडवायले लागलो तं बरं वाटे. खोटं काहून सांगू?" आता त्या मीनलकडे वळल्या. पर्स उचलून तिच्या हातात दिली, तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "रडून काय राहिली? पहिल्याच दिवशी उशिरा जातेस काय? जाय."

मीनल त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी मध्येच दंड धरून उठवलं. "जाय म्हटलं नं. रिक्षा थांबून राहिली."

रिक्षा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत काकू उभ्या होत्या. मग डोळे पुसले, चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "अन् हे पाह्य, पोट्टं मी निजवलं. तुह्यानं झालं नसतं. कोणी विचारलं तं असंच सांगजो."

"हव काकू," मी म्हटलं. "तुम्हीच निजवलं."

आणि त्यात काही खोटं नव्हतं.